एचडीआर केलं आणि आमचं स्वयंपाकघरच ओळखू येईना!

नौपाडाकर
रविवार, रात्री ९:४०

मंडळी, मदत हवी आहे आणि जरा घाईत हवी आहे.

आमची नौपाड्यातली इमारत पुनर्विकासाला चालली. तळमजला अधिक तीन मजले, लिफ्ट नाही, जिन्याच्या कठड्याला चार रंगांचे थर. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. पुढच्या रविवारी किल्ल्या द्यायच्या आहेत, निम्मं सामान हललंय. त्याआधी प्रत्येक खोलीचा एक तरी धड फोटो असावा म्हणून कपाटातला कॅमेरा बाहेर काढला. दहा वर्षं जुना डीएसएलआर, सोबत आलेली १८-५५ लेन्स.

बाकीच्या खोल्या जमल्या. स्वयंपाकघर छळतंय. एकच खिडकी, पूर्वेची, ओट्याच्या बरोबर वर. बाहेर शेजारच्या आवारातला आंबा. आंबा दिसावा असा फोटो काढला तर आत अमावस्या, आतलं दिसावं म्हटलं तर खिडकीच्या जागी पांढराफटक चौकोन. म्हणून ब्रॅकेटिंग लावलं: उजेड दोन स्टॉप (पायऱ्या) कमी, बरोबर, दोन स्टॉप जास्त असे तीन फोटो. लॅपटॉपवर एका फुकट सॉफ्टवेअरमध्ये तिन्ही एकत्र केले, म्हणजे एचडीआर (हाय डायनॅमिक रेंज): काळं आणि उजळ दोन्ही एकाच फोटोत.

निघालं ते असं. भिंती नारिंगी, आंबा निळसर, खिडकीभोवती देवाच्या तसबिरीत असते तशी प्रभावळ, आणि पंख्याला नऊ पाती. धाकट्याने मागून डोकावून विचारलं, "बाबा, हा कुठला गेम?"

चुकतंय कुठे? सॉफ्टवेअर बदलू की फोटोच परत काढू?

शटरबंद
रविवार, रात्री ९:५२

नऊ पाती म्हणजे वाढीव एफएसआय धरून चला.

रॉ फाईल
रविवार, रात्री १०:०५

फोटो जेपेग की रॉ (सेन्सरची कच्ची फाईल)? मोड कुठला? आयएसओ ऑटो होतं का? व्हाइट बॅलन्स? ट्रायपॉड? ट्यूब चालू होती का? एवढं सांगा, मग बोलू.

नौपाडाकर
रविवार, रात्री १०:११

जेपेग. अपर्चर प्रायॉरिटी. आयएसओ ऑटो, व्हाइट बॅलन्स ऑटो. ट्रायपॉड नाही, हातातच धरला. ट्यूब चालू. सॉफ्टवेअरमध्ये तयार प्रीसेटची रांग होती, त्यातला सगळ्यात झळाळणारा निवडला. (आता लिहितानाच लाज वाटतेय.)

रॉ फाईल
रविवार, रात्री १०:३८

एकही प्रश्न वाया गेला नाही म्हणायचा.

ब्रॅकेटिंगमध्ये बदलायची ती फक्त शटरची वेळ. अपर्चर (लेन्सचं छिद्र) हललं तर पुढचं-मागचं किती धूसर हे बदलतं. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ऑटोवर सोडलं तर कॅमेरा शटरऐवजी तेच वरखाली करू शकतो, आणि मग एका फोटोत रवाळ दाणे, दुसऱ्यात नाहीत. व्हाइट बॅलन्स ऑटोवर असेल तर प्रत्येक फोटोत भिंतीचा रंग वेगळा. सॉफ्टवेअरला तुम्ही तीन वेगळ्या घरांचे फोटो दिलेत, त्याने त्यातून चौथं घर बांधलं. एम (मॅन्युअल) मोडवर जा, अपर्चर एफ/८, आयएसओ १००, फोकस एकदा करून मॅन्युअलवर टाका, आणि मग फक्त शटरचं चाक फिरवा. रॉमध्येच काढा.

तीन फोटोही पुरणार नाहीत. दोन-दोन स्टॉपच्या तीन फोटोंत टोकापासून टोकापर्यंत चारच स्टॉप भरतात. स्टॉप म्हणजे दुप्पट, म्हणजे चार स्टॉपला १६ पट. सकाळचा आंबा आणि ओट्याखालचा अंधार यांत फरक त्याहून कितीतरी मोठा असणार. समजा आंब्याला १/२५० सेकंद लागतोय, तर तिथून १/६०, १/१५, १/४ आणि पूर्ण १ सेकंद असे पाच घ्या. आठ स्टॉप झाले, २५६ पट. तुमच्या कॅमेऱ्यात ऑटो ब्रॅकेटिंग तीनच फोटोंचं असेल, तर हाताने करा. पुरले की नाही ते हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख, डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं) सांगेल: सगळ्यात काळ्या फोटोत आलेख उजव्या भिंतीला टेकलेला नको, सगळ्यात उजळ फोटोत डाव्या भिंतीला टेकलेला नको.

आणि ती ट्यूब बंद करा हो. आपली वीज ५० हर्ट्झची, जुनी चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. डोळ्याला पत्ता लागत नाही, पण १/२५० च्या शटरला बरोबर लागतो. शिवाय बाहेरचा उजेड निळसर, ट्यूबचा हिरवट, त्या भांडणात तुमच्या भिंतीचा रंग बिघडला.

मोबाइलच बरा
रविवार, रात्री ११:०२

एवढं सगळं? माझा फोन खिशातून काढला, बोट दाबलं, खिडकी पण दिसते, ओटा पण दिसतो. आयफोनमध्ये एचडीआर २०१० पासून आहे राव. तुम्ही लोक अजून चाकं फिरवताय.

रॉ फाईल
रविवार, रात्री ११:१५

तुमचा फोन पण हेच करतो, फक्त तुम्हाला विचारत नाही. गूगलच्या पिक्सेल मालिकेतल्या सुरुवातीच्या फोनांची पद्धत तर मजेशीर होती: एकसारखेच कमी उजेडाचे बरेच फोटो पटापट घ्यायचे, एकमेकांवर बसवून नॉइज (रवाळ दाणे) मारायचा आणि मग अंधार उचलायचा. उजळ-काळे असे वेगवेगळे फोटोच नाहीत. हात हलला तरी चालतं ते त्यामुळे. वाईट काहीच नाही त्यात. पण अंधार किती उचलायचा ते फोन बनवणारा ठरवतो, आणि त्याने नौपाडाकरांचं स्वयंपाकघर पाहिलेलं नाही.

कळव्याची काकू
सोमवार, सकाळी ७:२०

नौपाडाकर, आधी पंखा बंद कर. इतक्या शहाण्या लोकांपैकी एकाने सांगितलं नाही! भिंतीवरचं कॅलेंडर फडफडत असेल तर ते खालून चिकटपट्टीने डकव. गॅसवर दुधाचं पातेलं ठेवून फोटो काढू नकोस, वाफेची भुतं येतात, मी अनुभवाने सांगतेय.

ट्रायपॉड नसेल तर स्टुलावर डाळीचे दोन डबे, वर पोळपाट, आणि कॅमेऱ्याखाली तांदळाची छोटी पिशवी. हवा तसा कललेला बसतो. बटण बोटाने दाबू नको, दोन सेकंदांचा टायमर लाव. मी गेल्या गणपतीत मखराचे फोटो असेच काढले. समयांच्या ज्योती आणि मागची आरास दोन्ही आले. फक्त ज्योती जरा जाड झाल्या.

शटरबंद
सोमवार, सकाळी ७:३१

काकू, पोळपाट कुठल्या कंपनीचा? कार्बन फायबरचा का?

कळव्याची काकू
सोमवार, सकाळी ७:३४

सागवानी. वजन उचलून दाखव मग बोल.

कोपरीचा कारागीर
सोमवार, दुपारी १:१५

सॉफ्टवेअरचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, तुटक वाटलं तर सांभाळून घ्या.

दोन वेगळी कामं आहेत आणि दोन्हीला लोक एचडीआरच म्हणतात, निम्मा घोळ तिथेच होतो. पहिलं काम जोडणीचं. पाच फोटोंवरून एक ३२ बिटांची फाईल बनते, तिच्यात खोलीतल्या प्रत्येक बिंदूवर खरा उजेड किती होता याचा हिशेब असतो. नुसत्या फोटोंवरून कॅमेऱ्याचा स्वभाव ओळखून हा हिशेब कसा मांडायचा, ते पॉल डेबेवेक आणि जितेंद्र मलिक या दोघांनी १९९७ साली संगणक-चित्रांच्या सिग्राफ परिषदेत दाखवलं. मलिक म्हणजे आपले भारतातून अमेरिकेत गेलेले, बर्कले विद्यापीठातले प्राध्यापक.

पण ती फाईल तुमच्या स्क्रीनवर मावत नाही. म्हणून दुसरं काम, टोन मॅपिंग, म्हणजे तो उजेड स्क्रीनला मावेल असा दाबून बसवणं. ठाण्याहून सकाळी आठची फास्ट डोळ्यांसमोर आणा. माणसं फलाटभर, डबा एक. ग्लोबल पद्धतीत सगळ्यांनी सारखंच अंग चोरायचं. मावतात सगळे, पण सगळ्यांचेच चेहरे उतरलेले, म्हणजे फोटो फिक्का. लोकल पद्धतीत (नाव पण लोकलच!) जो तो आपल्या शेजाऱ्याकडे बघून जागा करून घेतो. आतल्यांची मजा होते, पण जिथे खूप उजळ आणि खूप काळं एकमेकांना खेटून उभं असतं तिथे ढकलाढकली होते. खिडकीच्या चौकटीभोवतीचा तुमचा हॅलो (ती प्रभावळ) म्हणजे ती ढकलाढकली.

शटरबंद
सोमवार, दुपारी १:१९

हॅलो येतोय तर उचलायचा ना.

कोपरीचा कारागीर
सोमवार, दुपारी १:४०

वाटच बघत होतो कोण बोलतंय याची.

तर, प्रीसेट सोडा. 'डिटेल', 'लोकल कॉन्ट्रास्ट', 'सॅच्युरेशन' हे तीन सरकते दांडे शून्याजवळ आणून मग थोडे थोडे वाढवा. लाईटरूम असेल तर सोपं काम: पाचही रॉ निवडून कंट्रोल-एच. २०१५ पासून ही सोय आहे. ते भडक काही करतच नाही, एक डीएनजी (रॉसारखीच फाईल) देतं आणि तिच्यावर रॉसारखंच काम करता येतं. फुकटात हवं तर डार्कटेबलमध्ये रॉ जोडता येतात, पण ते फोटो एकमेकांवर बसवून देत नाही, कॅमेरा जराही हललेला चालत नाही. काकूंचा पोळपाट तिथे कामी येईल.

माझी स्वतःची पसंती एनफ्यूजला. हगिन या फोटो जोडायच्या सॉफ्टवेअरबरोबर येतं, फुकट. ते ३२ बिटांच्या फंदात पडतच नाही. प्रत्येक फोटोत कुठला भाग नीट उजळलाय, कुठे तपशील आहे, कुठे रंग भरलेला आहे हे बघून त्या त्या भागाला जास्त वजन देतं आणि थेट मिसळतं. मर्टेन्स, काउट्झ आणि व्हॅन रीथ यांची २००७ ची पद्धत. हॅलो कमी, नाटक कमी. थोडं सपाट निघतं, मग वरून कॉन्ट्रास्ट द्या.

नवी टीव्ही
सोमवार, दुपारी ३:०५

आमच्या नव्या टीव्हीवर पण एचडीआर लिहिलंय. तो पण असाच नारिंगी दाखवणार का?

कोपरीचा कारागीर
सोमवार, दुपारी ३:२२

नाही, ते जवळपास उलटं आहे. आपण मोठा पसारा कोंबून साध्या स्क्रीनवर बसवतोय. टीव्हीवाल्यांनी स्क्रीनच अशी बनवली की कोंबावं कमी लागतं. नारिंगी दिसत असेल तर सेटिंगमध्ये 'व्हिविड' आहे ते काढा.

पामबीच पाखरू
सोमवार, रात्री ८:५०

माझंही एक रडगाणं. बेलापूरला महापालिका मुख्यालयाचा घुमट आणि समोरचा उंच तिरंगा. संध्याकाळी दिवे लागल्यावर, आकाश अजून निळं असताना, ट्रायपॉड लावून पाच फोटो घेतले. इमारत झकास आली. झेंडे पाच आले. डीघोस्ट (हललेल्या वस्तूंची भुतं काढायची सोय) 'हाय' केलं तर झेंडा एकच उरला, पण त्याच्याभोवती आकाशाला ठिगळ लागल्यासारखं दिसतंय. तसंच सीवूड्सला फ्लेमिंगोंचं. मागे इमारतींवर ऊन, पुढे चिखल काळा. एचडीआर केलं तर अर्धे पक्षी पारदर्शक.

रॉ फाईल
सोमवार, रात्री ९:०७

हलणाऱ्या गोष्टीसाठी एकच फोटो वापरायचा, ब्रॅकेट नाही. झेंडा पाचातल्या एकातून घ्या, लेयर मास्कने (फोटोवर फोटो ठेवून हवा तेवढाच भाग दिसू द्यायचा). पक्ष्यांना तर एकच रॉ, आकाश जळणार नाही असा जरा काळा काढलेला, आणि सावल्या नंतर उचला. आताचे चांगले सेन्सर एका रॉमध्ये एवढं धरून ठेवतात की माझ्या मते दहातल्या आठ वेळा ब्रॅकेटची गरजच नसते. खरं तर नौपाडाकरांनाही मी हेच सांगितलं असतं, कॅमेरा नवा असता तर.

कोपरीचा कारागीर
सोमवार, रात्री ९:३०

असहमत. सावली चार स्टॉप उचलली की नॉइज येतोच, नवा सेन्सर असो नाहीतर जुना. स्थिर खोली आहे, वेळ आहे, कॅमेरा ठेवायला पोळपाट आहे. पाच फोटो काढायला मिनिट लागत नाही. का कंजुषी?

रॉ फाईल
सोमवार, रात्री ९:३३

बरं. स्थिर खोलीपुरतं मान्य.

मॅन्युअल मोडवाली
सोमवार, रात्री १०:१०

मी घरांचे फोटो काढते, विक्रीच्या जाहिरातींसाठी, घोडबंदर रोडच्या टॉवरांपासून खारघरपर्यंत. एक साधी युक्ती सांगू? दिवस मावळायची वाट बघा. सूर्य गेल्यावर अशी दहा-पंधरा मिनिटं येतात की बाहेरचा उजेड उतरत उतरत आतल्या दिव्यांच्या बरोबरीला येतो. तेव्हा एकाच फोटोत खिडकी पण येते, खोली पण येते. माझं निम्मं काम त्या पंधरा मिनिटांत होतं.

कळव्याची काकू
सोमवार, रात्री १०:२५

पण मग ते संध्याकाळचं स्वयंपाकघर झालं ना गं. पूर्वेची खिडकी आहे त्याची. त्याला सकाळ हवी असेल.

नौपाडाकर
सोमवार, रात्री १०:४१

काकू, नेमकं तेच. सकाळी आठच्या सुमारास आंब्यातून कवडसे ओट्यावर पडतात. तेच हवंय.

एन्लार्जरवाला
मंगळवार, सकाळी ११:००

मी जुना माणूस. टेंभी नाक्याजवळ एका स्टुडिओत पंधरा वर्षं डार्करूममध्ये उभा होतो. तुमचं वाचून गंमत वाटली, कारण हे सगळं आम्ही हाताने करायचो. तारेच्या टोकाला पुठ्ठ्याची टिकली, ती एन्लार्जरच्या (निगेटिव्ह मोठी करून कागदावर टाकणाऱ्या यंत्राच्या) उजेडात नवरदेवाच्या चेहऱ्यावर हलवत राहायची म्हणजे चेहरा काळा पडत नाही. ते डॉजिंग. मुठीतून भोक पाडून नुसत्या शालूवर जास्त उजेड सोडायचा, ते बर्निंग. टिकली सतत हलवत ठेवावी लागायची, थांबली की कडेला पांढरी रेघ. तुमचा हॅलो, दुसरं काय. मालक ओरडायचे, "माणसाला काय संत केलंस काय रे?"

आणि दोन फोटो जोडणं तर त्याहून जुनं. फ्रान्समध्ये गुस्ताव ले ग्रे नावाचा माणूस १८५० च्या दशकात समुद्राचे फोटो काढायचा. तेव्हाच्या काचा निळ्या रंगाला फार हपापलेल्या, समुद्र नीट येईपर्यंत आकाश कोरं पांढरं होऊन जायचं. त्याने काही फोटोंत आकाशाची निगेटिव्ह वेगळी आणि पाण्याची वेगळी वापरून एका कागदावर छापली. ठाण्याला रेल्वे १८५३ ला आली, त्याच सुमाराची गोष्ट. लोक वेडे झाले होते म्हणे.

तुमच्या फोटोबद्दल एकच विचारतो. तुम्ही लिहिलंत खिडकी दिसायला हवी, ओटा दिसायला हवा, ओट्याखालचं दिसायला हवं. उभं राहून बघताना हे सगळं एकदम दिसायचं का तुम्हाला?

नौपाडाकर
मंगळवार, दुपारी १२:१५

काका, नाही बहुतेक. विचार करून सांगतो.

पामबीच पाखरू
मंगळवार, दुपारी १२:४०

कुणी नौपाड्यात येतच असेल तर मामलेदारची मिसळ खाऊ. मी वाशीहून निघतो.

शटरबंद
मंगळवार, दुपारी १२:४४

तर्रीचा एचडीआर करू नका, आधीच रंग जळलेला असतो.

(इथे मिसळीवर अठ्ठावीस प्रतिसाद होते, ते खाऊगल्ली विभागात हलवले आहेत. – संपादक)

नौपाडाकर
शनिवार, रात्री ११:२०

उशीर झाला, सामानाच्या गडबडीत होतो. झालं ते सविस्तर सांगतो, कारण तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत.

गुरुवारी सकाळी पावणेआठला तयारी केली. पंखा बंद, ट्यूब बंद, कॅलेंडर डकवलं. पोळपाट नव्या घरी गेला होता, म्हणून कपड्यांचं खोकं आणि त्यावर पाट. तांदळाची पिशवी मात्र काकूंच्या म्हणण्याप्रमाणे. एम मोड, एफ/८, आयएसओ १००, रॉ. १/२५० पासून १ सेकंदापर्यंत पाच फोटो. कवडसे ओट्यावर आले तेव्हा असे तीन संच घेतले. आंब्याची पानं हलत होती, पण ती फक्त सगळ्यात काळ्या फोटोतून घ्यायची ठरवली, रॉ फाईल यांनी झेंड्याचं सांगितलं तसं.

आधी लाईटरूमच्या ट्रायल आवृत्तीत जोडले. मग कारागीर म्हणाले तसं एनफ्यूज. दोन्ही चांगले, एनफ्यूजचं जास्त आवडलं. नारिंगी गेलं, प्रभावळ गेली. खिडकी, ओटा, मांडणी, मोरी, कोपऱ्यातली फळी, सगळं स्वच्छ दिसायला लागलं. मी खूश. आईला दाखवलं.

ती बराच वेळ बघत होती. म्हणाली, "छान आलाय. पण फळीवरचा डबा का दिसतोय?"

मोरीच्या वरच्या कोपऱ्यात एक फळी आहे. तिथे खिडकीचा उजेड कधीच पोचायचा नाही, दुपारीसुद्धा. आम्ही भावंडं लहान असताना ती लाडवांचा डबा तिथे ठेवायची. मला वाटायचं उंच म्हणून. ती म्हणाली, "उंच कसली, तू स्टूल घेऊन कुठेही चढायचास. अंधार असायचा म्हणून ठेवायचे. तुला तिथे काही असेल असं कधी वाटलंच नाही." त्या घरात मी बेचाळीस वर्षं काढली. हे मला या आठवड्यात कळलं.

एन्लार्जरवाले काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: नाही दिसायचं.

मग रात्री गिंपमध्ये (फोटो सुधारायचं फुकट सॉफ्टवेअर) बसलो. एनफ्यूजचा फोटो खाली, त्यावर १/१५ सेकंदवाला फोटो दुसऱ्या लेयरवर, त्याला पूर्ण काळा मास्क (म्हणजे तो लेयर झाकलेला), आणि मऊ पांढऱ्या ब्रशने फक्त कोपऱ्यापुरता तो उघडून कोपरा परत अंधारा केला. ब्रशची तीव्रता वीस टक्के ठेवून हळूहळू, चार-पाच हात मारले. फळी आता असून नसल्यासारखी आहे. डबा दिसत नाही. प्रिंट काढायला दिलीय, बारा बाय अठरा.

एन्लार्जरवाला
शनिवार, रात्री ११:३५

हात सतत हलता ठेवलात ना?

नौपाडाकर
शनिवार, रात्री ११:३७

हो काका. कडेला रेघ नाही.

मोबाइलच बरा
शनिवार, रात्री ११:४८

ठीक आहे, मानलं. फोनने डबा दाखवला असता.

कळव्याची काकू
रविवार, सकाळी ६:५५

बाकी सगळं राहू दे. लाडू कसले होते?

नौपाडाकर
रविवार, सकाळी ७:१०

बेसनाचे. आज किल्ल्या देतोय, निघालोच आहे. फळी काढून घेतली.

शटरबंद
रविवार, सकाळी ७:१२

नव्या घरी कुठे लावणार ते इथे लिहू नका, मुलं वाचत असतील.

पामबीच पाखरू
रविवार, सकाळी ९:३०

धागा वर आलाच आहे तर, फ्लेमिंगोंचं पारदर्शक होणं अजून सुटलेलं नाही. एकच रॉ काढून पाहिला, सावल्या उचलल्यावर चिखलात जांभळे ठिपके येतात.

रॉ फाईल
रविवार, सकाळी ९:४१

आयएसओ किती होतं? नवा धागा काढा, तिकडे बोलू.